बायकांचं कपाट अन् माझी पिशवी

किस्से जमवायला मी काही वही ठेवली नव्हती. उलट हाकलतच होतो. पण वाचनालयात फॅनखाली फुकटचा पेपर धरून बसणारे कसे असतात, एकाला उठवलं की त्या जागी दुसरा टेकतो, तसं या किश्शांचं झालं. आता माझं वय झालं. उठवायचा कंटाळा आला. बसा म्हणलं एकदाचे! सांगून टाकतो.

मी सखाराम. सेलूच्या एका वाचनालयात शिपाई होतो. सगळं गाव मला मामा म्हणायचं. शिक्षण चार यत्ता. दोन मराठीत, दोन निजामाच्या उर्दूत. म्हणजे दोन्ही अर्धवट. तरी आज कुणी विचारलं की मामा, आयुष्यात किती पुस्तकं वाचली, तर मी सांगतो, तुमच्या प्रोफेसरापेक्षा जास्त. कोणती वाचली म्हणाल, तर प्रेमाची. हलकी, गोड, बायका दुपारी वाचतात ती. हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या, मग पुढचं ऐका.

आमच्या वाचनालयात सहा कपाटं. पाचांत थोरामोठ्यांची पुस्तकं. ती जागची हलत नसत. सहावं म्हणजे ‘बायकांचं कपाट’. ग्रंथपाल कमलताईंनी बारा वर्षं खपून, कमिटीच्या माणसांच्या नाकदुऱ्या काढून ते भरलं होतं. अन् ते कायम अर्धं रिकामं, कारण पुस्तकं गावात फिरत. हे कपाट ठेवायचं का रद्दीत घालायचं यावरून पुढं आमच्याकडं जे झालं ते शेवटी सांगतो. आधी मी त्या कपाटाच्या नादाला कसा लागलो ते ऐका.

•

त्या काळी चांगल्या घरच्या सुना वाचनालयाची पायरी चढत नव्हत्या. कार्ड नवऱ्याच्या नावावर, वाचणार बायको, अन् मधे मी! दुपारी दोन ते चार. जेवणं झाली, भांडी झाली, सासू लवंडली की माझी सायकल गल्लीत शिरायची. हँडलला रेक्झीनची पिशवी. जुनं पुस्तक घ्यायचं, नवं द्यायचं. कोणाला काय द्यायचं ते कमलताई काढून ठेवत. मी नुसता हमाल.

एकदा कमलताई रजेवर गेल्या. मी हाताला येतील ती दहा-बारा उचलली अन् वाटून आलो. दुसऱ्या दिवशी धान्याच्या मोंढ्यामागच्या एका घरची बाई दारातच उभी.

“मामा, आज आमच्या पोरीला बघायला पाहुणे येणार, अन् तुमी हे काय आणून दिलं? पहिल्याच पानावर नवरा मेला की!”

“मला काय ठाव बाई आत काय हाय!”

“मग वाचून आणत जा!”

तेवढ्यात मधल्या खोलीतून नवरी पोरगीच ओरडली, “असू दे की आई! ऐंशीव्या पानावर दुसरा मिळतो तिला!”

•

कमलताई परत आल्यावर मी तक्रार केली. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं. मामा, आजपासून तुम्ही पण वाचायचं.”

“मी? हे असलं?”

“का? लाज वाटते?”

“लाजेचं न्हाई ताई. जोडाक्षराचं भ्या वाटतं.”

पहिलं पुस्तक मला सव्वा महिना पुरलं. ओळीखाली बोट ठेवून वाचायचो. ओठ हलायचे. लोक हसायचे. हसू दे! तोपर्यंत मला एवढंच माहीत होतं की अक्षर म्हणजे पाटीवरचं, पोत्यावरचं, नाहीतर कोर्टाच्या कागदावरचं. अक्षरात माणूस असतो अन् त्याचं पुढं काय होणार म्हणून आपल्याला घास गिळवत न्हाई, हे पन्नाशीत कळलं.

शेवटाला आलो तो दिवस आठवतो. ती पोरगी स्टेशनकडं धावायलीय, तो गाडीत बसलाय, त्याला ठावच न्हाई. समोर गावातले एक वकीलसाहेब येऊन उभे राहिले. “मामा, कालचा पेपर द्या.”

मी मान वर केली न्हाई. “थांबा.”

“अहो, मला कोर्टात जायचंय!”

“वकीलसाहेब, गाडीनं शिट्टी दिलीय अन् ती अजून जिन्यावर हाय. तुमचं कोर्ट काय पळून चाललंय का?”

वकीलसाहेब शहाणा माणूस. खुर्ची ओढून बसले. पाच मिनिटांनी त्यांनीच विचारलं, “गावली का गाडी?”

•

मग मी माझी पद्धत बसवली. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर शिसपेनीनं खूण. शेवट गोड असला तर गोल. रडू येत असलं तर फुली. लय रडू येत असलं तर दोन फुल्या. तीन फुल्या म्हंजे चुलीवर दूध ठेवून वाचू नये.

पोरींना, सुनांना ही भाषा पाठ झाली. कमलताईंच्या रजिस्टरात लेखक, प्रकाशक, क्रमांक, सगळं असायचं. गल्लीत ते कोणी विचारत नव्हतं. “मामा, दोन गोल द्या अन् एक फुली,” अशी ऑर्डर यायची. भजी मागवल्यासारखी!

शारदावहिनी म्हणून एक होती. मोठ्या कापडवाल्याच्या घरची धाकटी सून, लग्नाला वर्ष झालेलं. ती नेहमी तीन फुल्यांचं मागायची. मी एकदा चिडलो. म्हणलं, “वहिनी, एखादं गोड वाचा की! सारखं काय रडायचं?”

तिनं मागं वळून बघितलं, सासू झोपलीय का. मग हळूच म्हणाली, “मामा, नुसतं रडलं की समदे इचारतात काय झालं. पुस्तक हातात असलं की कुणीच इचारत न्हाई.”

त्या दिवसापासून तीन फुल्यांची पुस्तकं पिशवीच्या तळाशी, दुसऱ्या कोणाला न दाखवता, तिच्यासाठी ठेवायचो. अशी दोन वर्षं गेली. एका दुपारी पुस्तक परत करताना म्हणाली, “मामा, आता गोल आणा.” कडेवर लेक होती, सहा महिन्यांची. लेकीनं माझ्या मिशीला हात घातला अन् दोघीबी हसल्या.

•

घरी आमची मंडळी, लक्ष्मी. तिला अक्षर येत न्हाई, पण मत येतं! ती अंगणात ज्वारी निवडायला बसली की मी मोठ्यानं वाचायचो. खडा दिसला की खडा फेकायची अन् पुस्तकातलं माणूस आवडलं न्हाई तर त्यालाबी फेकायची.

“ही पोरगी येडी हाय. एवढ्या श्रीमंताला कशाला न्हाई म्हणते?”

“आगं, तिला आधी त्याचं मन बघायचंय.”

“किती पानं झाली बघायलीय?”

“शंभर.”

तिनं सूप आपटलं. “आमचं एका दिसात उरकलं. माझ्या मामानं सांगितलं, बापानं मान हलवली, झालं. मला कुणी इचारलंच न्हाई!”

मी पुस्तक मिटलं. तीस वर्षांत हा प्रश्न डोक्यात आला नव्हता, तो त्या दिवशी आला. म्हणलं, “अन् इचारलं असतं तर?”

तिनं पुन्हा सूप उचललं. मग म्हणाली, “हो म्हणले असते. पर शंभर पानं मीबी लावली असती!”

•

मग ते विद्यापीठाच्या नामांतराचं साल आलं. खेड्यापाड्यांत त्या दिवसांत माणसांची घरं जळली. त्यावर मी किस्सा सांगणार न्हाई. ती किश्शाची गोष्ट न्हाई, अन् जो सांगत असंल त्याच्याकडं मी बसत न्हाई. पण गावात बंदोबस्त लागला होता तेव्हाची माझ्या पिशवीची गोष्ट सांगतो.

बाहेरच्या जिल्ह्यातले पोलीस चौकाचौकात आणून बसवलेले. दुकानं बंद. मी दुपारी सायकलवर निघालो, तर पहिल्याच चौकात हवालदारानं काठी आडवी घातली.

“म्हाताऱ्या, पिशवीत काय?”

“पुस्तकं.”

“कसली? पत्रकं-बित्रकं वाटायलास काय?”

“न्हाई साहेब. प्रेमाची हायेत.”

त्याला वाटलं मी चेष्टा करायलोय. सगळी पिशवी फरशीवर ओतली. एकेक उघडून बघितलं. एक जाडजूड पुस्तक हातात धरून वाचत उभा राहिला. एक पान झालं, दोन झाली. मग म्हणाला, “हे जप्त!”

“साहेब, सरकारी शिक्का हाय त्यावर.”

“मग मीबी सरकारीच हाय!”

चौथ्या दिवशी मी पुस्तक मागायला गेलो. हवालदार शरमला. आठ-आठ तास बसायचं, दुकान उघडं न्हाई, बोलायला माणूस न्हाई. पुस्तक एक अन् पोलीस पाच. त्यांनी काय केलं असंल? त्याची शिवण उसवून पाच वाटे केले! पाच पॉइंटवर पाच वाटे, अन् ड्यूटी बदलताना बदली करायचे.

मी गावभर फिरून ती कादंबरी गोळा केली. बसस्टँडवर पहिला वाटा मिळाला. मोंढ्यात दुसरा. टाकीपाशी एक कोवळा शिपाई बसलेला, तो मलाच विचारायला लागला, “मामा, मला एकदम शेवटच आलाय. हिची अन् ह्याची वळख कुठं झाली?”

म्हणलं, “बसस्टँडवर!”

पाचव्या पॉइंटवरचा पोलीस मात्र देईना. “उद्या या. अजून तिनं चिठ्ठी उघडली न्हाई.”

•

त्या सुट्या वाट्यांचं बाइंडिंग करायला मी बाबूमियांकडं गेलो. बाबूमियां बाइंडिंगमध्ये एक नंबर, पण वाचायला येतं ते उर्दू. त्याच दिवशी आणखी एक खिळखिळी झालेली कादंबरी नेली होती. दोन्हींचे वाटे एकाच पिशवीत. रस्त्यात सायकल घसरली, पिशवी उताणी झाली. मी घाईघाईत उचलून लावले. कसे लावले ते आता कळेलच.

दोन्ही पुस्तकं झकास बांधून आली. लाल कापड, सोनेरी पट्टी. गल्लीगल्लीत फिरली. चार-पाच वर्षं फिरली! एकाही घरातून तक्रार न्हाई.

मग एक दिवस मीच लाल पुस्तक पुन्हा उघडलं. अन् घाम फुटला. अर्ध्यापर्यंत हिरॉईन लीला, पुण्यात नर्स. पुढं एकदम सुनंदा, चहाच्या मळ्यात! एकीचं धड, दुसरीचं शीर. दुसऱ्या पुस्तकाचीबी तीच गत.

बाबूमियांकडं गेलो. तो शांतपणे डिंक ढवळत होता. “मामा, तुम जो दिये, मैं वो सिया. मेरेकू क्या मालूम कौन किसकी जोरू!”

मी ज्यांनी ज्यांनी वाचलं होतं त्यांना विचारत सुटलो. पहिल्याच घरी वहिनी म्हणाली, “व्हय, नाव बदललं होतं की. पर लग्नात नाव बदलतातच ना मामा? माझं माहेरचं नाव कुसुम.”

“बरं. अन् पुण्याहून चहाच्या मळ्यात?”

“सासर असंल तिकडं.”

“अन् नवऱ्याचं नाव कसं बदललं? तो सुरेश होता तो अविनाश झाला!”

वहिनीनं पदर तोंडाला लावला. “नवऱ्याचं नाव कोण घेतंय मामा! आमी तिथं वाचतच न्हाई, पुढं सरकतो!”

•

पुढं गावातले एक निवृत्त हेडमास्तर वाचनालयाचे चिटणीस झाले. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. माणूस स्वच्छ. धोतर स्वच्छ, अक्षर स्वच्छ, मन स्वच्छ. म्हणून लय त्रास!

पहिल्याच दिवशी सहाव्या कपाटापुढं उभे राहिले. “हे काय आहे?”

“बायकांचं कपाट,” मी म्हणलं.

गुरुजींनी चार पुस्तकं काढून कव्हरं बघितली. चारीवर एक बाई अन् मागं एक बाप्या. “ही जागा मला ज्ञानकोशासाठी हवी. दिवाळीपर्यंत हे कपाट रिकामं करायचं. सगळं रद्दीत.”

कमलताईंची रजिस्टरावर मान खाली. बारा वर्षांचं काम एका वाक्यात गेलं की माणूस काय बोलंल? अन् माझं म्हणाल तर, कपाट गेलं म्हंजे पिशवी गेली. पिशवी गेली म्हंजे त्या घरांतल्या दोन ते चारच्या दुपारी गेल्या. म्हणून मी बोललो. मला कोणी शहाणं म्हणत न्हाई, त्यामुळं बोलायला भ्या न्हाई.

“गुरुजी, मी वाचतो ही पुस्तकं.”

“तुम्ही? या वयात?”

“आधी येळ कुठं होता?”

“मामा, प्रामाणिकपणे सांगा. या पुस्तकांतून तुम्ही आजवर काय शिकलात?”

मी म्हणलं, “वाचायला.”

•

गुरुजी हार मानणारे नव्हते. कमिटीच्या मीटिंगला पुरावा म्हणून एक कादंबरी घेऊन आले. बघतो तर तीच, लाल कापडाची! मी पाण्याचे गिलास ठेवत होतो, एक सांडला.

“सभासदहो,” गुरुजी म्हणाले, “या साहित्याचा दर्जा बघा. पान शहाण्णववर नायिका लीला. पान सत्त्याण्णववर तीच सुनंदा! लेखिकेला स्वतःच्या नायिकेचं नाव आठवत नाही! आणि हे आपण गावाला वाचायला देतो!”

सगळे हसले. कमलताईंनी हात वर केला.

“गुरुजी, शहाण्णव पानांपर्यंत मग कुठं चूक सापडली नाही?”

“नाही, तोपर्यंत बरी...” गुरुजी थांबले. चष्मा काढला. “तपासणीसाठी वाचलं मी!”

“अन् पुढं?” मी विचारलं.

“पुढं काय?”

“लीलेचं काय झालं ते दुसऱ्या पुस्तकात हाय. आणून देऊ का?”

आणून द्या म्हणाले न्हाईत. नको, असंबी म्हणाले न्हाईत. पण ठराव मात्र झाला. कपाट रिकामं!

•

मग मी पुरुष सभासदांच्या सह्या घ्यायला निघालो, कपाट राहू द्या म्हणून. मोंढ्यातले मल्लप्पा शेठ म्हणजे माझा हुकमी माणूस. दर आठवड्याला ‘घरच्यांसाठी’ म्हणून गोलाचं पुस्तक नेणार. बायको माहेरी गेली तरी नेणार!

अडतीवर चार माणसं बसलेली. मी कागद पुढं केला. शेठ कागदाकडं पाल बघावी तसे बघायला लागले.

“प्रेमाची पुस्तकं? आपल्याला काय करायचंय मामा! आमच्याकडं कोण वाचतंय असलं!”

माणसं पांगली. मी सायकलला टांग मारली तर शेठ मागून धावत आले. धाप लागलेली.

“मामा, रागावू नका. चार माणसांत... तुमाला ठाव हाय.”

“हाय ठाव.”

“त्या डाक्टरीणबाईचं अन् जंगलखात्याच्या सायबाचं जमतं का हो शेवटी? रद्दीत जायच्या आधी तेवढं...”

मी म्हणलं, “सही करा, सांगतो.”

शेठनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. अन् सही न करता परत गेले! त्या कागदावर शेवटी एकच सही. वकीलसाहेबांची.

•

आता शेवटचा. हा मी कोणालाबी सांगतो, पण बसून ऐकणाऱ्याला.

रद्दीवाल्याला सोमवारचं सांगितलं होतं. निम्म्याहून जास्त पुस्तकं घराघरांत. गुरुजी म्हणाले, “मामा, शनिवारपर्यंत एकूणएक परत आणा. रजिस्टरवर सगळी परत आल्याची नोंद झाल्याशिवाय एकही रद्द करता येत नाही.”

मी निघालो. खोटं कशाला बोलू, पाय उचलत नव्हता. पहिलं घर शारदावहिनीचं. म्हणलं, “वहिनी, सगळी पुस्तकं परत मागितलीत. रद्दीत जाणार.”

वहिनी मांडी घालून बसलेली. गुडघ्याखालून लाल कव्हराचा कोपरा दिसत होता. माझ्या डोळ्यात डोळा घालून म्हणाली, “मामा, हरवलं.”

मी कोपऱ्याकडं बघितलं. तिनं साडी ओढून झाकला. “लय हुडकलं. न्हाईच गावलं.”

दुसऱ्या घरी, “हरवलं.” तिसऱ्या घरी, “उंदरानं नेलं.”

“अख्खं?”

“लय मोठा उंदीर व्हता!”

दुपारभर फिरलो. गल्ली माझ्या पुढं एक घर धावत होती. मी पोचायच्या आधी भिंतीवरून निरोप पोचायचा अन् मी पोचलो की पुस्तक हरवायचं! चारला रिकामी पिशवी घेऊन गुरुजींपुढं उभा राहिलो.

“सगळी?”

“जी.”

“एकाच आठवड्यात?”

“साथ आलीय गुरुजी.”

गुरुजींनी भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. त्यांनीच लावलेली, त्यांच्याच सुरेख अक्षरात: ‘पुस्तक हरविल्यास तेच अथवा तत्सम नवीन पुस्तक आणून द्यावे. अन्यथा कार्ड रद्द होईल. सबब चालणार नाही.’

“जाऊन सांगा सगळ्यांना,” गुरुजी म्हणाले. “नियम म्हणजे नियम.”

मी सांगितलं. तेच तर पाहिजे होतं! कार्डं नवऱ्यांच्या नावावर. कार्ड गेलं की वाचनालयाच्या निवडणुकीत मत गेलं, अन् आमच्या गावातला माणूस मतासाठी काय करणार न्हाई! पुढच्या महिन्यात जो तो परभणीला गेला की पुस्तकाच्या दुकानात. बायकोनं दिलेली चिठ्ठी दाखवायची, कागदात बांधून घ्यायचं, धोतरात लपवून आणायचं, अन् कमलताईंच्या टेबलावर ठेवून पळायचं. मल्लप्पा शेठनी तर एकाला तीन आणून दिली. “तत्सम हायेत,” म्हणाले.

नवी कोरी पुस्तकं. रजिस्टरात दाखल. आज दाखल करून उद्या रद्दीत घालायची, तर त्याला गुरुजींच्याच नियमात कलम नव्हतं. अन् मग हरवलेलीबी सापडायला लागली. एक माळ्यावर सापडलं, एक पिठाच्या डब्यात. दिवाळी आली तेव्हा कपाट रिकामं व्हायचं सोडून त्याचं दार लागत नव्हतं!

गुरुजी रोज येऊन त्या दाराकडं बघायचे.

दिवाळीनंतर पाचव्या की सहाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, एक बाई वाचनालयाच्या पायऱ्या चढून आल्या. पांढरे केस, नऊवारी, हातात कागदात बांधलेलं काहीतरी. मी उठून उभा राहिलो. गुरुजींच्या घरच्या काकू! आठ वर्षं मी त्यांच्या दारावरून जायचो, कधी पिशवी थांबवली न्हाई. गुरुजी टेबलाशी बसलेले, तसेच बसून राहिले.

काकूंनी कमलताईंपुढं कागद सोडला. नवी कादंबरी. कव्हरवर एक बाई अन् मागं एक बाप्या.

“नियमाप्रमाणं आणून दिलीय,” काकू म्हणाल्या. “जमा करून घ्या.”

कमलताईंनी रजिस्टर चाळलं. पुन्हा चाळलं. “काकू, गुरुजींच्या कार्डावर आजवर एकही कादंबरी गेलेली नाही. तुमच्याकडून हरवली कशी?”

“इथली नव्हती ती. माझी होती. माहेराहून आणलेली.” काकू पाटीकडं बघत होत्या. “लग्नानंतर पंधरा दिवसांत हरवली. छत्तीस वर्षं झाली.”

फॅनचा आवाज यायला लागला. पेपर वाचणारे पेपर खाली करून बघायला लागले. कमलताईंनी गुरुजींकडं बघितलं न्हाई, मीबी बघितलं न्हाई.

“मग ह्याची नोंद...” कमलताई चाचरल्या, “कोणाकडून हरवली म्हणून करू?”

काकूंनी रिकाम्या कागदाची घडी घातली.

वाचनालयाचा शिक्का मारायचं काम माझं. मी शिक्क्याकडं हात नेला. गुरुजींनी तो माझ्या आधी उचलला. पुस्तक आपल्यापुढं ओढलं, रजिस्टर ओढलं, त्या स्वच्छ अक्षरात एक ओळ लिहिली अन् पुस्तकावर शिक्का मारला. पहिल्या पानावर मारला, मधल्या पानावर मारला, शेवटच्या पानावर मारला. मग उठून ते पुस्तक स्वतः सहाव्या कपाटात ठेवायला गेले. दार लागेना. दोन्ही हातांनी दाबून धरून तसेच उभे राहिले.